हरवलेले कर्णफूल आणि शोधयंत्राची निवड

आगरदांड्याच्या धक्क्याला फेरीबोट लागली की घटकाभर मोठी लगबग उडते. दिघीकडे निघालेल्या मोटारी आणि दुचाक्या एकेक करून बोटीत चढतात, माणसे पिशव्या सावरतात, मुलांचे हात धरतात आणि राजपुरी खाडीवरचा वारा पदराशी, ओढणीशी झोंबत असतो. कानातली फिरकी सैल व्हावयाची ती नेमकी अशा वेळी. पलीकडे उतरल्यावर सहज हात कानाकडे जातो आणि पाळी मोकळी लागते. मग पिशव्या झटकल्या जातात, मोटारीच्या आसनाखाली शोध होतो, आणि अखेर कोणी तरी वडीलधारे म्हणतात, ‘समुद्राला दिले समजा.’ अलीकडे मात्र घरातील एखादा तरुण लगेच मोबाइल काढतो आणि सांगतो की, काका, आता सोने शोधण्याचे यंत्र मिळते.

यंत्र मिळते हे खरे. कोणते घ्यावे, हा प्रश्न मात्र जाहिरातीवरून सुटणारा नाही.

समजा, मुरुडच्या पेठेतील एका व्यापारी कुटुंबात सासूबाईंनी सूनबाईंना आपली कर्णफुलांची जोडी दिली आहे आणि त्यातील एक किनाऱ्यावर पडले. वजन दीड ग्रॅम, सोने २२ कॅरेटचे. म्हणजे शुद्ध सोने भरले १.३७ ग्रॅम. २०२५ साली सोन्याने १० ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. तो सोयीचा आकडा धरला तरी या कर्णफुलाची धातूची किंमत पावणेचौदा हजारांच्या आसपास येते. किनाऱ्यावर खरोखर उपयोगी पडेल अशा चांगल्या यंत्राला सहसा त्याहून पुष्कळ अधिक मोजावे लागतात. निव्वळ खतावणी मांडली तर हा व्यवहार तोट्याचा आहे आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घेतलेली बरी. शोध घ्यावयाचा तो उरलेल्या एका फुलासाठी, आणि ज्या हातांनी जोडी दिली त्या हातांसाठी. त्या भावनेची किंमत किती, हे ज्या त्या घराने ठरवावे. परंतु ती किंमत ठरल्यावर चुकीचे यंत्र घेऊन ती वाया घालवू नये.

चूक होते ती अशी. यंत्रांच्या बाजारात ‘बारीक सोन्यासाठी खास’ म्हणून काही नावे प्रसिद्ध आहेत. मायनलॅब कंपनीचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ हे ४५ किलोहर्ट्झवर चालते, फिशर कंपनीचे ‘गोल्ड बग २’ हे ७१ किलोहर्ट्झवर. दोन्ही नामांकित आहेत आणि तांदळाच्या कणीएवढा सोन्याचा गोळाही ती हुडकतात. पण हे गोळे नैसर्गिक, आणि ते मिळतात ऑस्ट्रेलिया वा अमेरिकेतील कोरड्या, रुक्ष माळावर. आपल्या किनाऱ्याची भूमी दख्खनच्या काळ्या कातळाची. येथे जमिनीत नैसर्गिक सोन्याचे गोळे नाहीत. सोने पिकविणारे खडक त्याहून कितीतरी जुने असतात, कर्नाटकातील हट्टीचे किंवा २००१ साली बंद झालेल्या कोलारचे. आगरदांडा, मुरुड, काशीद या पट्ट्यात वाळूत सोने सापडलेच, तर ते कोणाच्या तरी अंगावरून पडलेले असणार. आणि ते पडलेले असते खाऱ्या, ओल्या वाळूत. तेथे ही ख्यातकीर्त यंत्रे बहुधा निकामी ठरतात.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. यंत्राच्या खालच्या टोकाला तारेचे एक वेटोळे असते. त्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे क्षीण प्रवाह उठतात आणि त्यांचा उलट पडसाद वेटोळ्यापर्यंत पोचतो. तो पडसाद म्हणजेच कानाशी वाजणारी शीळ. वस्तू लहान आणि पातळ असेल तर तिच्यातील भोवरे उठताक्षणीच विरतात. त्यांना पकडण्यासाठी कंपने वेगवान लागतात. म्हणून बारीक सोन्याची यंत्रे उंच कंपनांची असतात. परंतु समुद्राचे पाणीही विद्युत्वाहक आहे आणि मिठाने भिजलेल्या वाळूतही तसेच झटपट विरणारे प्रवाह उठतात. दीड ग्रॅमचे फूल आणि ओल्या वाळूचा पट्टा यांचा पडसाद यंत्राच्या लेखी जवळजवळ एकाच जातीचा. यंत्र एक तर सतत किणकिणत राहते, नाही तर मिठाचा आवाज दाबण्यासाठी त्याची संवेदना उतरवावी लागते, आणि मिठाबरोबर सोनेही दबते. भर म्हणून काळ्या कातळाच्या चुऱ्यात लोहखनिजाचे कण असतात. लाटा त्यांच्या काळ्या रेघा वाळूवर मांडून ठेवतात आणि त्या रेघांवरही यंत्र गोंधळते.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘सोने किती बारीक’ हा नसून ‘ते पडले कोठे’ हा आहे. घराच्या अंगणात, नारळीच्या आगरात किंवा भरतीच्या रेषेच्या वर, जेथे वाळू कोरडी असते तेथे उंच कंपनांचे यंत्र उत्तम. भरती-ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात मात्र एकाच वेळी अनेक कंपनांवर चालणारे यंत्र हवे. ते निरनिराळ्या कंपनांवर आलेले पडसाद ताडून पाहते आणि त्यातून मिठाचा वाटा बव्हंशी वजा करते. २०१८ साली बाजारात आलेली मायनलॅबची ‘इक्विनॉक्स’ मालिका या जातीची आहे. किनाऱ्यासाठी एकच यंत्र घ्यावयाचे झाल्यास कौल या प्रकारालाच द्यावा लागेल.

तिसरा प्रकार ‘पल्स इंडक्शन’चा. गॅरेट कंपनीचे ‘सी हंटर मार्क २’ हे त्याचे परिचित उदाहरण. हे यंत्र प्रवाहाचा एक ठोका देते, थांबते आणि मग कान देऊन ऐकते. मीठ व काळी वाळू यांचा त्याला फारसा त्रास होत नाही आणि मोठी अंगठी ते बरीच खोल ऐकते. पण ठोका आणि ऐकणे यांमधला विलंब दहा मायक्रोसेकंदांहून बराच जास्त असेल, तर पातळ कर्णफुलाचा पडसाद तेवढ्यात विरून गेलेला असतो. आणि विलंब कमी करावा तर मीठ पुन्हा ऐकू येऊ लागते. शिवाय लोखंड आणि सोने यांतला भेद या यंत्राला फारसा कळत नाही. पर्यटकांच्या स्वच्छ वाळूवर हे चालून जाईल. आगरदांड्याच्या धक्क्यालगत मात्र होड्यांचे खिळे, गळ, तारांचे तुकडे, गंजलेल्या साखळ्या यांचा इतका भरणा असतो की प्रत्येक पावलावर शीळ वाजेल. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी असेच एक उपकरण सिद्ध केले होते. राष्ट्राध्यक्ष ज्या बिछान्यावर पडून होते त्यातील पोलादी स्प्रिंगांनी उपकरण गोंधळले आणि गोळी सापडली नाही. टेलिफोनच्या जनकालाही बिछान्याखालचे लोखंड आधी पाहावे लागते, हे खरेदीपूर्वी ध्यानात असू द्यावे.

खाडीच्या चिखलात वस्तू पडली असेल तर कोणतेही यंत्र घेऊ नये. चिखलात सोने खोल उतरते, आणि तिवरांची झाडे असलेली जागा खणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दागिन्याचा आकारही पाहावा लागतो. वजनावरून अंदाज बांधण्याची सवय सराफी पेढीवर योग्य असली तरी येथे ती फसवते. अखंड वळे असलेली अंगठी उत्तम वाजते, कारण भोवऱ्याला फिरावयास पूर्ण वर्तुळ मिळते. तीच अंगठी तुटून तिला फट पडली की आवाज मंदावतो. मंगळसूत्राच्या वाट्या पातळ पत्र्याच्या असूनही बऱ्या ऐकू येतात. नथीची तार जवळजवळ मुकी. सर्वांत फसवी ती बारीक कड्यांची साखळी: तोळाभराची साखळीदेखील यंत्राला अखंड दिसत नाही, सुटी सुटी शंभर कडी दिसतात आणि त्यांतले प्रत्येक कडे ऐकू येण्याच्या मर्यादेखाली असते. पुष्कळदा तिचा फासाच तेवढा वाजतो.

खोलीविषयीच्या जाहिराती तर सोडूनच द्याव्यात. क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परत येतानाही तसेच; म्हणजे वस्तू दुप्पट खोल गेली की पडसाद चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. दीड ग्रॅमचे फूल ओल्या वाळूत तीन-चार इंचांवर ऐकू आले तरी यंत्र चांगले म्हणावे. लहान वेटोळे, सुमारे सहा इंचांचे, बारीक वस्तूला अधिक तिखट असते. तेवढ्याच श्रमात जमीन मात्र कमी तपासून होते.

आता निवडीची खरी कसोटी, आणि ती फुकट आहे. जोडीतले दुसरे फूल घरात आहे ना? त्याला रंगीत, मजबूत दोरा बांधावा, ते प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घालावे आणि किनाऱ्यावर जेथे पहिले पडले तेथेच, त्याच ओल्या वाळूत दोन इंच पुरावे. दोऱ्याचे टोक वर खुंटीला. विक्रेत्याला सांगावे की यंत्र यावर फिरवून दाखवा. मग तीन इंच, मग चार. दुकानातील काचेच्या पेटीवर हवेत अंगठी हलवून दाखविणारा विक्रेता येथे लगेच गप्प होतो. जो विक्रेता किनाऱ्यावर यावयास तयार नाही, त्याच्याकडून आधी भाड्याने यंत्र मागावे. तेही देत नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. बिघाड झाल्यास दुरुस्ती भारतात कोठे होते, हेही बिलावर लिहून घ्यावे. परदेशातील नातलगाने आणलेल्या यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न हटकून राहतो.

यंत्र हाती आल्यावर आणखी एक मोह टाळावा लागतो. बहुतेक यंत्रांत ‘नको ते धातू गाळा’ अशी सोय असते. गोळ्यांच्या पाकिटाची चकाकी, पुड्यांचा चंदेरी कागद, बाटलीची टोपणे यांनी जीव मेटाकुटीला आला की माणूस ते बटण दाबतो. पण औषधाच्या पाकिटाचा पातळ पत्रा आणि पातळ सोने यांचा आवाज एकाच घरातला असतो. कागद गाळला की कर्णफूलही गळाले. बारीक सोने शोधणाऱ्याने प्रत्येक आवाजापाशी बसावे, हेडफोन लावावा आणि खणावे. दुसरा उपाय नाही. वाळू उपसण्यासाठी जाळीचे फावडे विकत मिळते, त्याची भोके बहुधा बोटभर रुंद असतात. त्यातून अंगठी अडते, कर्णफूल खुशाल निसटते. स्वयंपाकघरातील डाळीची चाळणी त्याहून भरवशाची.

वेळ साधावी ती उधाणाच्या ओहोटीची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वाधिक मागे जाते आणि एरवी बुडालेला पट्टा तास-दोन तास उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत तो मिळत नाही. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच येत असल्याने विसर्जनानंतरचे दोन दिवस या दृष्टीने सोयीचे असतात. जड वस्तू लाटांबरोबर वाळूत खाली खाली जाते आणि कठीण थरावर थांबते. तेथे जाळ्यांची शिशाची वजने, नाणी, जड खडे एकत्र जमतात. ज्या जागी शिसे सापडू लागले, तेथे थांबून नीट शोधावे, कारण लाटांनी जडाला जडाशेजारी बसविलेले असते.

विसर्जनाचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका दांपत्याने गणेशमूर्तीबरोबर अनवधानाने ६० ग्रॅमची सोनसाखळी फिरत्या हौदात विसर्जित केली. चूक ध्यानात आल्यावर परत धाव घेतली, हौदातील सुमारे दहा हजार लिटर पाणी उपसले गेले, शेकडो मूर्तींची माती चाचपली गेली आणि काही तासांनी साखळी हाताला लागली. तेथे यश आले ते घमेली, हात आणि जागा नेमकी ठाऊक असल्यामुळे. मुंबईच्या झवेरी बाजारातही पिढ्यान्‌पिढ्या बारीक सोने शोधले जाते. घमेलावाले गल्ल्यांतील धूळ आणि गटारांतील गाळ झाडून नेतात, धुतात, आटवितात आणि कणाकणाने सोने काढतात. जुन्या मराठीत अशा माणसाला झारेकरी म्हणत. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आणि वाळूचे सुमारे २.६५, या एका फरकावर त्यांचा सारा धंदा उभा आहे. कणाएवढे सोने कोणत्याही शोधयंत्राला ऐकू येत नाही. झारेकऱ्याच्या परातीला ते दिसते. घरात, गाडीत किंवा अंगणात दागिना पडला असेल तर यंत्रासाठी धावण्यापूर्वी केराची टोपली आणि झाडणीचा कचरा परातीत पसरावा. दुकानाच्या दारात तपासणीसाठी वापरतात ती हातातली दांडी कोणा ओळखीच्या पेढीवरून तासाभरासाठी मागून आणावी. दोन-तीन इंचांच्या टप्प्यात ती कर्णफूल सहज ओळखते.

काही यंत्रांविषयी मात्र स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे. ‘शंभर मीटरवरून सोने दाखविते’, ‘फक्त सोन्यावरच वळते’ असे सांगून दोन काड्यांची किंवा फिरत्या ॲन्टेनाची उपकरणे विकली जातात. कोणत्याही प्रामाणिक यंत्राला हे शक्य नाही. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून बनविलेली असलीच उपकरणे बॉम्बशोधक म्हणून इराकपर्यंत विकणाऱ्या जेम्स मॅक्‌कॉर्मिक या इंग्रज व्यापाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. जंजिऱ्याच्या परिसरात अशा विक्रेत्याच्या तोंडी गुप्तधनाची भाषा आली तर त्याला दारातूनच परतवावे. जंजिरा हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. तेथे खणणे हा गुन्हा आहे. गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आवर घातलेला आहे. आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण शिक्षा हास्यास्पद नाही.

आणखी एक गोष्ट यंत्र घेणाऱ्याच्या ध्यानात बहुधा येत नाही. आपले कर्णफूल शोधताना दुसऱ्याचे सापडण्याची शक्यताच अधिक. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमान्वये दुसऱ्याची वस्तू सापडून ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी येते. मालकाचा शोध लावण्याचे वाजवी प्रयत्न न करता वस्तू पचविली तर भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. श्रावकाला हे नवे नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात पडलेली, विसरलेली वस्तूही अचौर्याच्या मर्यादेत घेतली आहे. आता शोधाला नवे साधनही आले आहे. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घातला की कोणत्या सराफाने दागिना हॉलमार्क करून घेतला ते कळते, आणि सराफाच्या बिलबुकातून मालकापर्यंत वाट जाते. पंचाईत इतकीच की दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही. जे सर्वांत सहज हरवते, त्याच्यावरच खूण नसते.

या बाबतीत आपल्या समाजातील सराफी पेढ्यांचा वाटा यंत्राहून मोठा आहे. पावसाळा संपून पर्यटक येऊ लागले की मुरुड, रोहा, अलिबागच्या बाजारात एकेकटी कर्णफुले मोडीला येतात. वाळूने घासलेली, फिरकी नसलेली. मोडीचा भाव सांगण्यापूर्वी गल्ल्यावर बसलेल्याने एवढेच विचारावे की, दुसरे कोठे आहे. उत्तर अडखळले तर वस्तू मुशीत घालू नये. आणणाऱ्याचे नाव, तारीख, वजन वहीत उतरवून त्याला पोलीस ठाण्याची वाट दाखवावी आणि शेजारच्या पेढ्यांना निरोप द्यावा. मुरुडच्या त्या घरातील दुसरे फूल अजून डबीत आहे, दोरा बांधलेले.